पांढऱ्याला घाबरू नका: पहिली आधुनिक गोधडी

आधुनिक गोधडी शिवायची म्हटलं की सगळे आधी रंग गोळा करायला निघतात. माझ्याकडे शिकायला येणाऱ्या मुलींना मी पहिल्या दिवशी फक्त पांढरं कापड आणायला सांगते. दीड मीटर सुती पॉपलिन, ४४ इंच पन्ह्याचं, शुभ्रपेक्षा किंचित सायीकडे झुकणारं. या गोधडीचा तीन चतुर्थांशाहून जास्त भाग मोकळा राहणार आहे आणि सगळी गोधडी त्या मोकळ्या भागावरच पेलली जाणार आहे. म्हणून त्याची निवड आधी.

मोकळ्या जागेचा हा आग्रह मी माझ्या कामातून घेतला. इंदूरच्या एका आर्किटेक्टच्या ऑफिसात मी बरीच वर्षं नकाशे काढले. भिंत काढणं सोपं असतं. दोन भिंतींमधली जागा कुठे सैल सोडायची आणि कुठे आवळायची, हे ठरवायला खरी नजर लागते. आमच्या घरातली गोधडी, आजीच्या हातची, कडेपासून कडेपर्यंत तुकड्यांनी भरलेली असायची आणि ते योग्यच होतं. जुनं लुगडं, धोतर, परकर, जे हाताशी असेल त्यातून घरादाराची थंडी भागवायची होती. तिचा धावदोरा काठापाशी सुरू व्हायचा आणि चौकोनी फेऱ्या घेत मध्यापर्यंत जायचा. तो धावदोरा मी घेतला, तुकड्यांची गर्दी सोडली.

आज जगभर ज्याला मॉडर्न क्विल्ट म्हणतात त्याची ओळख साधारण अशी: एकरंगी कापडं, भरपूर मोकळी जागा, मधोमध न बसवलेली आकृती आणि मोजपट्टी बाजूला ठेवून कात्री चालवण्याची मोकळीक. २००९ मध्ये लॉस एंजेलिसला मॉडर्न क्विल्ट गिल्ड स्थापन झाली तेव्हा या प्रकाराला नाव आणि घर मिळालं. पण अलाबामातल्या जीज बेंड या वस्तीतल्या कृष्णवर्णीय बायका त्याच्या कितीतरी आधीपासून शेतात वापरून विटलेल्या डेनिमच्या आणि जाड्याभरड्या कपड्यांतून अशाच धीट गोधड्या शिवत होत्या. २००२ मध्ये त्या ह्यूस्टनच्या ललित कला संग्रहालयात आणि पाठोपाठ न्यूयॉर्कच्या व्हिटनी म्युझियममध्ये भिंतीवर लागल्या. त्यांचे फोटो नीट पाहा. एकही रेघ सरळ नाही आणि एकही रेघ चुकीच्या जागी नाही.

आणखी एक गोष्ट पाहा, ती तर आपल्या गावातली आहे. इंदूरचे महाराज यशवंतराव होळकर (दुसरे) यांनी १९३०च्या दशकाच्या सुरुवातीला एकार्ट मुथेसियस या जर्मन वास्तुकाराकडून माणिकबाग पॅलेस घडवून घेतला. तिथले गालिचे इव्हान दा सिल्व्हा ब्रून्स यांचे होते, मोजक्या रंगांचे, भौमितिक. १९८० मध्ये त्या सामानाचा लिलाव झाला आणि ते जगभर विखुरलं. इमारतीत आता सरकारी कार्यालय आहे. पण जुने फोटो मिळतात. आधुनिक रचना म्हणजे परदेशातून उसनी आणलेली वस्तू, असं कुणी म्हणालं की मी त्याला हे फोटो दाखवते. नव्वद वर्षांपूर्वी इंदूरच्या एका घरात ही नजर नांदत होती.

काय आणायचं

तयार गोधडी ४० बाय ५२ इंचांची होईल. बसल्या बसल्या पायांवर घ्यायला किंवा चार-पाच वर्षांच्या मुलाला पांघरायला पुरते. पहिल्या खेपेला याहून मोठी करू नका, मशीनच्या बगलेत तिची गुंडाळी मावत नाही.

पांढऱ्याशिवाय तीन रंगांचं पॉपलिन पाव-पाव मीटर, त्यातल्याच एका रंगाचं आणखी ४० सेंटिमीटर गोटासाठी, पाठीला सिंगल पलंगाची सुती चादर आणि मधल्या थराला पांढरं फ्लॅनेल, ४६ बाय ५८ इंच भरेल इतकं. इंदूरचं एम.टी. क्लॉथ मार्केट मुख्यतः ठोक व्यापाराचं; दीड मीटर, पाव मीटर मागायचं असेल तर सीतलामाता बाजारात जा आणि सकाळी जा, दुकानदार निवांत असतो आणि कापड दारातल्या उजेडात नेऊन पाहू देतो. ट्यूबलाइटखाली घेतलेला लाल घरी आल्यावर वेगळाच निघतो.

कापडाच्या कडेचा एक धागा काढून जाळून पाहा. कागदासारखा जळून राख झाली तर सूत. वितळून कडक मणी झाला तर पॉलिस्टर, ते घेऊ नका. इस्त्रीची घडी त्यावर बसत नाही आणि घडी न बसलेली शिवण पांढऱ्यावर लगेच उठून दिसते. ब्लाउजचं रुबिया पातळ असतं, त्यातून आतल्या शिवणा डोकावतात. महेश्वरी साडीचा तुकडा वापरायचा मोह मला कळतो, पण रेशीम-सुताचं ते विणकाम कडेने सुटत जातं. वापरायचंच असेल तर मागून फ्यूजिंग (इस्त्रीने चिकटणारं अस्तर) चिकटवून घ्या आणि एकच पट्टी लावा.

पाठीला बाघ प्रिंटची चादर सुंदर दिसते. धार जिल्ह्यातल्या बाघ गावचे ते लाल-काळे ठसे मागच्या बाजूला भरगच्च आणि पुढे शांत पांढरं, ही जोडी मला फार आवडते. फक्त रंग सुटतो का ते पाहा: ओल्या कोपऱ्यावर पांढरा रुमाल ठेवून इस्त्री दाबा. रुमालावर डाग उमटला तर पाणी नितळ येईपर्यंत वेगळी धुवा आणि पुन्हा तपासा. लाल पॉपलिनलाही हीच परीक्षा द्या. शिवून झाल्यावर पांढऱ्यात उतरलेला गुलाबीपणा निघत नाही.

पॉपलिन आणि चादर आधी धुवून, वाळवून, इस्त्री करून घ्या. फ्लॅनेल मी न धुता वापरते. पहिल्या धुण्यात ते थोडं आटतं आणि वरच्या कापडावर टाक्यांच्या मध्ये बारीक सुरकुत्या येतात, त्यामुळे गोधडीला जुनी झाल्याचा मऊपणा येतो. सपाट, ताणलेला पृष्ठभाग हवा असेल तर फ्लॅनेलही आधी धुवा.

रंग कोणते? माझी नेहमीची त्रयी लाल, काळा आणि हळदी. तुम्ही तुमची घ्या, पण एक नक्की करा: तिन्ही कापडं पांढऱ्यावर ठेवून मोबाइलने कृष्णधवल फोटो काढा. फोटोत एक गडद, एक मध्यम आणि एक फिकट दिसला पाहिजे. तिन्ही सारखेच करडे दिसले तर रंग कितीही भडक असोत, दुरून त्यांचा एकच गोळा दिसेल.

पाव इंच

गोधडीची प्रत्येक शिवण पाव इंचाची. कपडे शिवणाऱ्या हाताला अर्धा-पाऊण इंचाची सवय असते, ती इथे मोडावी लागते. मशीनच्या पत्र्यावर सुईपासून बरोबर पाव इंचावर जाड चिकटपट्टी लावा, कापडाची कड तिला टेकून सरकेल. मग परीक्षा घ्या. दीड इंच रुंदीच्या तीन पट्ट्या एकमेकींना जोडा, इस्त्री करा आणि मोजा. एकूण रुंदी साडेतीन इंच भरली आणि मधली पट्टी एक इंच दिसली तर पुढे चला. नाहीतर चिकटपट्टी केसभर सरकवा. वीस शिवणांत केसभर फरक अर्ध्या इंचाचा होतो.

सुई १४ नंबरची, नवी. दोरा सुती. टाका दोन ते अडीच मिलिमीटर. पायाची मशीन उत्तम चालते, तिचा वेग आपल्या हातात असतो.

रंगीत खांब

रचना साधी आहे. पांढऱ्या मैदानात, मध्यापासून उजवीकडे सरकलेला, वरपासून खालपर्यंत जाणारा नऊ इंच रुंदीचा एक रंगीत खांब.

पांढऱ्याच्या किनारी काढून टाका. त्यातून दोन भाग कापा: एक साडेएकवीस बाय ५२ इंच, दुसरा १० बाय ५२. साधारण साडेदहा इंच रुंदीची पट्टी उरेल, ती खांबातच लागणार आहे.

रंगीत कापडाच्या साडेदहा इंच लांब पट्ट्या कापा. रुंदी मुद्दाम वेगवेगळी: दीड, दोन, तीन, क्वचित चार इंच. काही पट्ट्या एका टोकाला दीड आणि दुसऱ्या टोकाला अडीच इंच असू द्या. या तिरक्या पट्ट्या मोजपट्टी न लावता, नजरेने कापा. नकाशाच्या कामातून आलेल्या माणसाने हे सांगावं याचं मुलींना नवल वाटतं. पण हाताने काढलेल्या रेघेत एक श्वास असतो आणि चारी बाजूंनी शिस्तीत बसलेल्या पांढऱ्यामध्ये तो फार उठून दिसतो. पांढऱ्या उरलेल्या तुकड्यातूनही काही पट्ट्या काढा आणि एक चांगला १० इंचांचा ठोकळा शाबूत ठेवा.

आता सगळं फरशीवर मांडा. इथे घाई करू नका. गोधडीचं सगळं रूप या तासाभरात ठरतं. लाल जास्त, काळा कमी, हळदी दोन-तीन ठिकाणीच. काळ्याची अरुंद पट्टी रुंद लालमध्ये आली की दोन्ही खुलतात. सारख्या रुंदीच्या पट्ट्या लागोपाठ नकोत. पांढऱ्या पट्ट्या मध्ये आल्या की खांब थोडा विरळ होतो आणि मग तो १० इंचांचा पांढरा ठोकळा वरून दोन तृतीयांश अंतरावर ठेवा. तिथे खांब तुटतो, खाली पुन्हा सुरू होतो. बघणाऱ्याची नजर त्या खंडापाशी थांबते. तो भरून टाकावासा वाटेल, नक्की वाटेल. एखादी पट्टी ठेवून पाहा, फोटो काढा, काढून पुन्हा फोटो काढा आणि दोन्ही शेजारी ठेवून बघा.

तिरक्या पट्ट्या जोडताना रुंद टोक एकदा डावीकडे, पुढच्या वेळी उजवीकडे घ्या. सगळी रुंद टोकं एका बाजूला आली तर खांब वाकतो. प्रत्येक शिवणीनंतर इस्त्री, आणि इस्त्री उचलून दाबायची, घासायची नाही, घासल्याने तिरकं कापड ताणलं जातं. शिवणीची कड नेहमी गडद रंगाकडे वळवा, पांढऱ्याखाली गेली तर सावली दिसते. खांब ५४ इंच भरला की थांबा, मग रुंदी साडेनऊ आणि लांबी ५२ इंच कापून घ्या.

डावीकडे मोठा पांढरा, उजवीकडे लहान. जोडण्याआधी खांबाच्या आणि पांढऱ्याच्या कडेचे मध्य आणि चतुर्थांश खुणा करून टाचण्या लावा. टाचण्या न लावता सरळ शिवत गेलं तर वरचं कापड सरकतं आणि गोधडी कायमची लहरते.

कोन काटकोनात आहे का पाहायला माझी ऑफिसातली युक्ती वापरा. कोपऱ्यापासून एका बाजूवर ३० इंचांवर खूण, दुसऱ्या बाजूवर ४० इंचांवर. दोन खुणांमधलं तिरकं अंतर बरोबर ५० भरलं पाहिजे. चारी कोपरे तपासा.

तीन थर

फरशी पुसून कोरडी करा. चादर ४६ बाय ५८ कापून उलटी बाजू वर ठेवून पसरा आणि कडा चिकटपट्टीने फरशीला लावा, ताठ पण ताणलेली नको. त्यावर फ्लॅनेल. पन्हा कमी पडला तर दोन तुकडे कडेला कड भिडवून हाताने जोडा. एकावर एक चढवले तर तिथे उंचवटा येतो. त्यावर वरचा भाग, चारी बाजूंनी तीन-तीन इंच सोडून.

फ्लॅनेलऐवजी जुनी, धुवून मऊ झालेली सोलापुरी चादर चालते का, असं पुष्कळ जणी विचारतात. ऊब छान मिळते, पण तिची रंगीत नक्षी पांढऱ्यातून दिसते. पाठ-पोट दोन्ही गडद असलेल्या गोधडीसाठी ती राखून ठेवा. पिंजलेला सुटा कापूसही इथे नको. तो सरकतो, म्हणून रजईत टाके जवळ जवळ घालावे लागतात आणि आपल्याला तर टाक्यांची जागा आपल्या मनाने ठरवायची आहे. फ्लॅनेल विणलेलं असल्यामुळे दोन रेघांत चार बोटं अंतर राहिलं तरी गोळा होत नाही.

मध्यापासून बाहेर जात, चार-चार इंचांवर लांब कच्चे टाके घाला. सेफ्टी पिनाही चालतात, पण मला कच्चे टाके बरे वाटतात. ते घालताना हाताला कापडाची चुणी लागते आणि वेळीच काढता येते.

टाके

आता ती पांढरी जागा बोलू लागते. वरच्या कापडावर काही नसलं तरी धावदोरा तिथे चित्र काढतो आणि दिवसाच्या तिरप्या उजेडात ते चित्र स्पष्ट दिसतं.

माझी पद्धत अशी. खांबातल्या पट्ट्यांच्या ज्या शिवणा आहेत, त्यांतल्या निवडक शिवणा दोन्ही बाजूंना पांढऱ्यात पुढे न्यायच्या. खांबात पट्ट्या दाट असतील तिथे पांढऱ्यात रेघाही दाट, अर्ध्या इंचावर. पट्ट्या रुंद असतील तिथे रेघा विरळ. आणि जिथे तो पांढरा खंड आहे, तिथे डावीकडून उजवीकडे तीन-तीन इंचांवर अगदी मोजक्या रेघा. तिरक्या शिवणीची रेघ पांढऱ्यात तिरकीच जाऊ द्या. मोठ्या पांढऱ्या भागात ती दुसऱ्या रेघेच्या जवळ येते, लांब जाते, त्यातून जो ताण तयार होतो तो कागदावर आधी आखून मिळत नाही.

खुणा करायला पांढऱ्यावर अरुंद मास्किंग टेप लावा आणि तिच्या कडेने शिवा. काम थांबवताना टेप काढून ठेवा, रात्रभर राहिली तर गोंद लागतो. गडद पट्ट्यांवर साबणाची वाळलेली चिपटी पुरते.

हाताने शिवायचं असेल तर आठ नंबरचं पर्ल कॉटन, मोठ्या नाकाची भरतकामाची सुई आणि मधल्या बोटात अंगुस्तान. मोठी लाकडी रिंग लावली तर थर जागेवर राहतात, मात्र कापड ढोलासारखं ताणू नका, सुई खाली-वर डुलायला सैलपणा हवा. टाका गव्हाच्या दाण्याएवढा, वरचा आणि दोन टाक्यांमधला सारखाच. लहान टाक्यापेक्षा सारखा टाका महत्त्वाचा. दोऱ्याची गाठ हलक्या झटक्याने वरच्या कापडातून आत ओढा, ती फ्लॅनेलमध्ये अडकून बसते. दोरा पांढराच ठेवा आणि तीन-चार रेघा लाल दोऱ्याने घाला. कुठल्या, ते शेवटी ठरवा, बाकीचं सगळं शिवून झाल्यावर.

मशीनवर करायचं असेल तर वॉकिंग फूट लावा, तो वरचा थर खालच्या बरोबर ओढतो. टाका तीन मिलिमीटर. गोधडीच्या मध्यातून सुरुवात करून एका बाजूला सरकत जा आणि सगळ्या रेघा एकाच टोकाकडून शिवा. एक इकडून, एक तिकडून घातली तर मधलं कापड तिरकं ओढलं जातं. मशीनची रेघ कडक, स्वच्छ दिसते आणि अशा रचनेला ती शोभतेही. तरी पांढऱ्यावर मी हाताचाच धावदोरा निवडते. वेळ कितीतरी जास्त लागतो, पण प्रत्येक टाक्यापाशी सावलीचा एक बारीक खळगा पडतो, तो मशीनने पडत नाही.

गोट आणि धुणं

जास्तीचं फ्लॅनेल आणि चादर वरच्या कापडाच्या कडेला सरळ कापा. गोटासाठी अडीच इंच रुंदीच्या, पूर्ण पन्ह्याच्या पाच पट्ट्या तिरक्या जोडाने सलग करा आणि लांबीत दुमडून इस्त्री मारा. पुढच्या बाजूने उघड्या कडा जुळवून पाव इंचावर शिवा. कोपऱ्याच्या पाव इंच आधी थांबा, दोरा तोडा, पट्टी आधी वर ४५ अंशात वळवा, मग सरळ खाली आणा आणि कडेपासून पुन्हा सुरू करा. मग दुमड पाठीकडे नेऊन हाताने तुरपाई. काळा गोट चित्राला चौकट घालतो. पांढरा गोट घातला तर मैदान कडेबाहेर वाहत असल्यासारखं वाटतं आणि हल्ली मला तेच जास्त आवडू लागलंय. त्यासाठी पांढरं ४० सेंटिमीटर जास्त घ्या.

पाठीच्या एका कोपऱ्यात नाव आणि साल भरून टाका. आजीच्या गोधड्यांवर तिचं नाव कुठेच नाही.

पहिलं धुणं थंड पाण्यात, सौम्य साबणाने. पिळू नका, गुंडाळून दाबा आणि सावलीत आडवी पसरून वाळवा, दोरीवर टांगली तर ओल्या वजनाने खांब लांबतो. वाळल्यावर इस्त्री करू नका, नाहीतर फ्लॅनेलने आणलेल्या सुरकुत्या सपाट होतील. उन्हाळ्यात कपाटात ठेवताना दर एक-दोन महिन्यांनी घडी बदला, म्हणजे पांढऱ्यावर एकाच जागी पिवळट रेघ धरत नाही.